शिंपला-चारच्या पूर्वेची रेघ

“हे ओळखता?” मी विचारलं आणि टेबलावर पिशवी ठेवली.

पारदर्शक प्लास्टिकची पिशवी होती. आत निळ्या जाळ्याचा हातभर तुकडा. पिशवीवर माझ्या अक्षरात तारीख, वेळ आणि ‘डबा सतरा व अठराच्या मधे, दोराला अडकलेला’ असं लिहिलेलं. आमचा दोर समुद्रातून वर आला तेव्हा त्याला या जाळ्याचा भलामोठा गुंता लटकलेला होता. खलाशी तो सोडवून कचऱ्यात टाकत होते. मी त्यातला एक तुकडा काढून घेतला आणि जपून ठेवला. कधी काय उपयोगी पडेल सांगता येत नाही.

धनेश्वर मेहेरांनी पिशवी उचलली, खिडकीच्या उजेडात धरली, प्लास्टिकवरूनच एका गाठीवर अंगठा फिरवला आणि परत ठेवली.

“जाळं आहे,” ते म्हणाले.

“वा! ते मलाही दिसतंय. कुणाचं?”

“दर्यात काय कमी जाळी असतात, साहेब?”

“भरपूर असतात. पण ती फाटतात. हे फाटलेलं नाही, सुरीनं कापलंय. टोकं बघा. आमच्या दोराला जाळं अडकलं, तुमच्यापैकी कुणीतरी ते ओढून सोडवायला गेलं आणि त्या ओढाताणीत माझे डबे हलले. बरोबर की नाही?”

“डबे हलले नाहीत.”

“तुम्हाला कसं माहीत?”

मेहेर खिडकीबाहेर बघत बसले. माझं तिथल्या तिथे ठरलं की हा माणूस काहीतरी लपवतोय.

तो लपवत होता हे खरंच होतं. तेवढं मी बरोबर ओळखलं होतं.

मी विश्वनाथ केळुसकर. तेल कंपनीत भूभौतिकशास्त्रज्ञ म्हणून छत्तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. आमची कुंदा म्हणते, “साक्षात गणपती दारात उभा राहिला ना, तरी हे आधी त्याचं ओळखपत्र मागतील.” मागेन की! का नाही मागणार? समुद्राच्या तळाखाली दोन किलोमीटरवर काय आहे ते कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. तिथून परत येणारे आवाज ऐकायचे, त्यांचं चित्र काढायचं आणि त्या चित्राच्या भरवशावर विहीर खणायची. असल्या धंद्यात भोळा माणूस काय कामाचा?

ही गोष्ट दोन हजार चौदा सालच्या फेब्रुवारीतली. मुंबईच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून बरंच आत, शिंपला नावाचं आमचं एक तेलक्षेत्र होतं. तीस वर्षं उपसून उपसून दमलेलं. त्यातला शिंपला-चार हा प्लॅटफॉर्म तर शंभर बादल्या वर काढल्या तर नव्वद पाण्याच्याच, अशा अवस्थेला आला होता. तो कायमचा बंद करायची फाइल तयारच होती. त्याआधी शेवटचा उपाय म्हणून नव्या पद्धतीनं सर्वेक्षण करून बघायचं ठरलं, आणि कंपनीच्या वतीनं डोळ्यांत तेल घालून बघायला मला त्या जहाजावर पाठवलं.

जुन्या पद्धतीत जहाज आपल्यामागे मैलोगणती लांब केबल ओढत जायचं. दाबलेल्या हवेचा बार पाण्यात काढायचा, तो आवाज तळाखालच्या खडकांवर आपटून परत यायचा आणि केबल तो टिपायची. पण एवढं लांब शेपूट घेऊन प्लॅटफॉर्मच्या जवळ जाणार कसं? त्यामुळे नेमकं प्लॅटफॉर्मच्या भोवतीच चित्रात भोक राहायचं. नव्या पद्धतीत पिवळे डबे एका लांबलचक दोराला बांधून थेट समुद्राच्या तळावर ठेवायचे, अगदी प्लॅटफॉर्मच्या पायांपर्यंत. महिनाभर ते तिथे पडून ऐकत राहतात. मग दोर ओढून त्यांना वर घ्यायचं आणि त्यांनी काय काय ऐकलं ते काढून घ्यायचं. अट एकच, की डबा जागचा हलता कामा नये. हलला तर त्याचं महिनाभराचं ऐकणं फुकट.

आता डबे तळाशी, आणि वरून मच्छीमारांची जाळी. म्हणून मेहेर. सातपाटीचे, पन्नाशीचे, तीस वर्षं तांडेल म्हणून स्वतःची बोट चालवलेले. कंपनीनं त्यांना मच्छीमारांशी बोलायला नेमलं होतं. ते गावोगाव हिंडले, मच्छीमार सोसायट्यांच्या बैठकांत उभे राहिले आणि ऐन पापलेटच्या दिवसांत ‘माझ्या शब्दाखातर चाळीस दिवस या पट्ट्यात जाळं टाकू नका’ असं म्हणाले. बोटवाल्यांनी ऐकलं. कंपनीच्या पत्राला त्यांनी केराची टोपली दाखवली असती, पण मेहेरांच्या शब्दाला ते मान तुकवून गेले. नंतर मेहेर गस्तीच्या बोटीवर राहून पट्ट्याची राखण करत होते.

तर मेहेरांना पिशवी दाखवली त्या मंगळवारी सकाळी शाल्मली टिपणीसनं मला संगणकासमोर बोलावलं. शाल्मली आमच्याच कंपनीतली, सव्वीस वर्षांची. वर आलेल्या डब्यांतून पहिलं कच्चं चित्र काढणं हे तिचं काम.

“सर, शिंपला-चारच्या पूर्वेला बघा.”

मी चष्मा पुसून बघितलं. चित्रावर तिनं आमच्या जुन्या नकाशातल्या रेघा आणून ठेवल्या होत्या. प्लॅटफॉर्मच्या पूर्वेला एक जाड काळी रेघ, उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलेली. ती म्हणजे खडकातली मोठी भेग. तिथे थर तुटून खाली घसरलेत आणि भेगेच्या पलीकडे तेल नाही, हे आमच्या कंपनीतलं पोरसुद्धा सांगेल. पंचवीस वर्षांत त्या रेघेपलीकडे एकही विहीर खणली गेली नव्हती. पण शाल्मलीच्या चित्रात तेल धरणारा थर त्या रेघेखालून खुशाल पुढे गेला होता. कुठे तुटलेला नाही, घसरलेला नाही. उलट पलीकडे तो उंचावला होता आणि त्या उंचवट्याच्या माथ्यावर जे दिसत होतं ते न उपसलेल्या तेलासारखं होतं.

“भेग कुठे आहे?” मी विचारलं.

“नाहीये, सर.”

“नाहीये म्हणजे? सुट्टीवर गेली?”

“म्हणजे दिसत तरी नाही. थर सलग आहे. मी तीनदा काढलं चित्र.”

“कुठल्या डब्यांवरून?”

“अकरा ते तेवीस.”

सतरा आणि अठरा त्यातलेच. माझ्या डोळ्यांसमोर खणातली पिशवी आली आणि मला सगळा उलगडा झाला. म्हणजे मला तसं वाटलं. डबे हललेत, त्यामुळे चित्र चुकलंय, आणि मेहेरांना हे माहीत आहे.

यानंतर मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मेहेरांना गुपचूप बोलावता आलं असतं. पण मी विचार केला, सगळ्यांनी ऐकलं तर ज्यानं केलंय तो घाबरून पुढे येईल. म्हणून मी वर गेलो, रेडिओ मच्छीमारांच्या चॅनेलवर लावला आणि म्हणालो, “मेहेर, तुमच्या माणसांनी आमचे डबे हलवलेत आणि तुम्ही ते लपवलंत. ताबडतोब जहाजावर या.” पट्ट्याच्या कडेनं तीस-चाळीस बोटी पापलेटला लागल्या होत्या. त्यातल्या प्रत्येक बोटीवर माझा आवाज गेला.

मेहेर आले तेव्हा पिशवीकडे बघण्याआधी एवढंच म्हणाले होते, “साहेब, जे बोलायचं ते इथे माझ्या तोंडावर बोला. रेडिओवर नका बोलू. तिथे माझं नाव आहे.”

“नाव आहे तर खरं सांगा,” मी म्हणालो होतो.

आणि त्यांनी काय सांगितलं? डबे हलले नाहीत. बस्स. जाळं कुणाचं, कापलं कुणी, कधी, एका शब्दानं सांगायला तयार नाहीत. मी अर्धा तास खोदून खोदून विचारलं. शेवटी ते उठले, टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, “तुमचा विश्वास नाही ना? मग राहिलं.”

मी दोन कागद तयार केले. एक, डबा अकरा ते तेवीस यांची माहिती शंकास्पद, रद्द करावी. दुसरा, मेहेरांना उद्या चारच्या बोटीनं किनाऱ्यावर परत पाठवावं.

सर्वेक्षणाचा प्रमुख पिल्लई नावाचा होता. दर्यावर तीस वर्षं घालवलेला, शांत माणूस. त्यानं दोन्ही कागद वाचले आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, “केळुसकर, हा माणूस गेला ना, तर परवा इथे चाळीस जाळी पडेल. माझे अर्धे डबे अजून खाली आहेत.”

“चोराला ठेवून घ्यायचं का मग?”

“चोर आहे?”

“माझी खात्री आहे.”

“मग सही करा उद्या, जेवणानंतर,” पिल्लई म्हणाला आणि चहा ओतायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाल्मली माझ्या केबिनच्या दारात. हातात लॅपटॉप, डोळे तांबारलेले.

“सर, डबे हललेले नाहीत.”

“तुला मेहेरांनी पाठवलं का?”

“नाही हो सर! मी मोजलं. आपण वरून बार काढतो, तो आवाज सरळ डब्यापर्यंत किती वेळात पोचतो ते डब्यातच नोंदलेलं असतं. शेकडो ठिकाणांहून काढलेले बार आहेत. त्यावरून डबा कुठे बसलाय ते काढलं. जिथे ठेवला तिथेच आहे, दोन मीटरच्या आत.”

“मला शिकवतेस? ही पद्धत तुझ्या जन्माआधीची आहे. तू संगणकाला सुरुवातीला डब्याची जागा सांगितलीस ना? मग तो पोपटासारखा तीच सांगणार. त्याला खोटी जागा दे. एक किलोमीटर लांबची. मग बघू कुठे जातो.”

“दिली, सर. मला माहीत होतं तुम्ही हेच म्हणणार. एकदा उत्तरेला लांब दिली, एकदा दक्षिणेला. दोन्ही वेळा फिरून त्याच जागेवर येतंय.”

मी थोडा गडबडलो, पण हार मानतोय कसला! “महिन्याच्या मधेच हलला असेल तर? आधी एकीकडे, नंतर दुसरीकडे. तुझं उत्तर दोन्हींची सरासरी असेल.”

तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एकेका आठवड्याचं वेगळं काढलेलं होतं. पहिला आठवडा, दुसरा, तिसरा, चौथा. सतरा नंबरचा डबा चारही आठवडे एकाच ठिकाणी ठाण मांडून बसलेला. अठराही तसाच.

“मग भेग कुठे गेली?” मी ओरडलोच. “पंचवीस वर्षं ती तिथे आहे! तिच्यावर शंभर अहवाल निघालेत. मी स्वतः नव्या पोरांना शिकवलीय ती भेग!”

“सर, ती आधी कुणी पाहिली?” शाल्मलीनं विचारलं. तिनं सरळ मनानंच विचारलं होतं. “म्हणजे मूळ चित्रात कशी दिसत होती ते बघता आलं तर...”

“दाखवतो,” मी म्हणालो. “थांब तू. आत्ता दाखवतो.”

इथे माझी एक सवय सांगायला हवी. ऑफिसवर माझा कधीच विश्वास नव्हता. रेकॉर्डरूममधून कागद गहाळ होतात आणि बिल भलत्याच्या नावावर फाडलं जातं, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षातच पाहिलं. तेव्हापासून ज्या कागदावर सही करेन त्याची, आणि तो ज्या कच्च्या कागदावरून बनला त्याचीही, एक प्रत माझ्याकडे. ज्या कामाला जाईन त्या क्षेत्राची फाइल बरोबर. कुंदा त्या फायलींना ‘तुमची दुसरी बायको’ म्हणायची. तर शिंपल्याची फाइल माझ्या बॅगेत होतीच, कपड्यांच्या खाली. मी ती बिछान्यावर उघडली.

वरच पक्का नकाशा होता, एकोणीसशे एकोणनव्वदचा. तो आमच्या गोळ्यांच्या हातचा. गोळे हे ऑफिसातले नकाशे काढणारे. त्यांची शाईची रेघ बघत राहावी अशी. शिंपला-चारच्या पूर्वेला ती काळी, ठसठशीत, सलग रेघ.

“ही बघ. आणि हिच्याखाली माझा मूळ कागद.”

“तुमचा?” शाल्मली म्हणाली. “म्हणजे भेग तुम्ही...?”

“मग कुणी? सत्तावीस वर्षांचा होतो. पेन्सिलीनं काढायचो आम्ही, तुमच्यासारखी बटणं दाबून नाही.”

मी पान उलटलं.

कच्च्या कागदावर मध्यभागी एक कोरा गोल होता. प्लॅटफॉर्मभोवतीचं भोक. तिथे जहाज जाऊ शकलं नव्हतं, तिथलं काहीच कळलेलं नव्हतं. भेग उत्तरेकडून सलग रेघेनं त्या गोलापर्यंत येत होती. गोलाच्या आत ती तुटक होती. टिंब, टिंब, टिंब. आमच्या धंद्यात सलग रेघ म्हणजे पाहिलेलं आणि तुटक रेघ म्हणजे अंदाज, हे पहिल्या दिवशी शिकवतात. तुटक रेघेच्या शेजारी लाल पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह होतं आणि बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: ‘इथे माहिती नाही. भेग बहुधा आधीच संपते. तपासावे.’

अक्षर माझं.

शाल्मलीनं ते वाचलं. 

माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? गोळ्यांनी घोळ घातला! माझी तुटक रेघ त्यांनी शाईनं सलग केली, आणि पंचवीस वर्षं सगळी कंपनी त्या शाईवर विसंबून बसली. मी घाईघाईनं पक्का नकाशा पुन्हा वर घेतला, गोळ्यांचं नाव बघायला. खालच्या कोपऱ्यात दोन चौकोन होते. ‘काढणार’ याच्यासमोर गोळ्यांची सही. ‘मुळाशी ताडून तपासले’ याच्यासमोर ‘वि. के.’ आणि तारीख. तारीख गणपतीच्या आधीच्या शुक्रवारची.

मला तो शुक्रवार लख्ख आठवला. वेंगुर्ल्याची गाडी पाच वाजता होती. बॅग टेबलाखाली होती. गोळे नकाशा घेऊन आले तेव्हा मी उभाच होतो, आणि उभ्या उभ्याच सही केली. “तपासलंत ना?” गोळ्यांनी विचारलंही होतं. “तुमच्या हातचं काय तपासायचं, गोळे!” असं म्हणून मी हसत बाहेर पडलो होतो.

जन्मात एकदा माणसावर विश्वास टाकला, तो असा.

“सर, पाणी देऊ का?” शाल्मली म्हणाली.

“नको. ते कालचे कागद कुठे आहेत?”

“पिल्लईसरांकडे. सही बाकी आहे.”

घड्याळात सव्वातीन झाले होते. मी जिना उतरून खाली डेकवर गेलो. मेहेर कठड्याजवळ एका पेटीवर बसले होते, पायाशी कापडी पिशवी, चारच्या बोटीची वाट बघत. मला बघून उठले नाहीत. उठायचं कारणही नव्हतं.

मी त्यांच्या शेजारी बसलो. कसं सुरू करावं कळेना, म्हणून मग सगळंच सांगून टाकलं. डबे हलले नव्हते. नकाशा चुकला होता. रेघ माझी, सही माझी. मी त्यांना तुटक रेघ आणि सलग रेघ समजावून सांगायला लागलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

“समजलं. तुम्ही आधी नीट बघितलं नाही.”

“नाही बघितलं.”

“पंचवीस वर्षं?”

“पंचवीस वर्षं.”

त्यांनी पाण्याकडे बघत मान हलवली. मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“एक सांगा मेहेर,” मी म्हणालो. “जाळं कुणी कापलं?”

“मी.”

“तुम्ही?”

“माझ्या मेहुण्याचं होतं. हिरामण तामोरे. बायकोचा एकुलता भाऊ. वाहवत येऊन जाळं तुमच्या दोराला लागलं, तो ओढायला लागला. मी तोवर पोचलो. दोर हातात घेऊन बघितला, अजून ताण आला नव्हता. आणखी चार हात ओढलं असतं तर तुमचे डबे गेले असते. मी म्हटलं, थांब, जाळं सोड. तो म्हणाला, नवं कोरं आहे, पहिल्यांदा पाण्यात टाकलंय, मेलो तरी सोडणार नाही. मग मी त्याच्या बोटीवर चढलो आणि माझ्या हातानं कापलं. वर राहिलं तेवढं त्याला दिलं.”

“आणि तो?”

“तेवीस दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही. रेडिओवर हाक मारली की बंद करतो. घरी बायको रडते. दुसऱ्याच्या जाळ्याला सुरी लावणं आमच्यात साधी गोष्ट नाही, साहेब. आणि मी तर माझ्याच माणसाच्या जाळ्याला लावली. का, तर मी तुम्हाला शब्द दिला होता, डबे हलू देणार नाही.”

“अहो, मग काल सांगितलं का नाहीत? मी एवढं विचारत होतो!”

“सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? खरं बोला. त्याच्या बोटीचा नंबर लिहून घेतला असता की नाही?”

मी खोटं बोलू शकलो नाही. “घेतला असता. आणि वर पाठवला असता.”

“मग? जाळं गेलं, वर परवाना पण घालवू त्याचा?”

लांबवर चारची बोट दिसायला लागली होती. मेहेरांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

“तुम्ही जायचं नाही,” मी म्हणालो. “मी ते कागद फाडतो.”

“कागदाचं काय घेऊन बसलात? कागद कुणी वाचला? तुम्ही रेडिओवर बोललात, ते चाळीस बोटींनी ऐकलं. उद्या मी कुणाला सांगू, इथे जाळं टाकू नका? ते म्हणतील, साहेबच म्हणतो तू लबाड आहेस.”

याला उत्तर एकच होतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. मी मुख्य कार्यालयाला माझ्या सहीनिशी सगळं लिहून कळवलं, दोन्ही कागदांच्या प्रती जोडून. वरिष्ठांनी बोलायचं ते बोलून घेतलं, माझी बढतीही अडली, ती अडायलाच हवी होती. पण डबे अकरा ते तेवीस रद्द झाले नाहीत. पुढच्या वर्षी त्या रेघेच्या पलीकडे विहीर खणली. शिंपला-चार बंद झाला नाही, मी निवृत्त झालो तेव्हाही तो तेल काढत होता. नवा नकाशा शाल्मलीनं काढला आणि मी तो तीन दिवस तपासला. ती वैतागून गेली होती.

पण त्या दुपारी यातलं काहीच झालेलं नव्हतं. मी मेहेरांना म्हणालो, “चला वर.”

आम्ही वर गेलो. पिल्लई तिथेच होता. मी काही न विचारता रेडिओ मच्छीमारांच्या चॅनेलवर लावला.  मोठमोठ्या सभांतून बोललोय मी, पण असा कधी घाबरलो नव्हतो.

“सगळ्या बोटींना सांगतोय,” मी म्हणालो. “मी केळुसकर, सर्वेक्षणाच्या जहाजावरून. काल मी धनेश्वर मेहेरांना खोटं ठरवलं. ते खोटे नाहीत. आमचे डबे कुणीही हलवलेले नाहीत. मेहेरांनी दिलेला शब्द पाळला, आणि तो पाळताना स्वतःच्या माणसांचा राग ओढवून घेतला. चूक माझी होती. माझ्या हातची, पंचवीस वर्षांपूर्वीची. मी सगळ्यांच्या समोर त्यांची माफी मागतो.”

बटण सोडलं. रेडिओवर नुसती खरखर. एक सेकंद, दोन सेकंद, पाच. 

मला लगेच शंका आली. बटण नीट दाबलं गेलं होतं की नाही? चॅनेल बरोबर होता ना? बघितला, बरोबर होता. पण तरी. म्हणून मी पुन्हा बटण दाबलं आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं परत बोललो. माफीसुद्धा दुसऱ्यांदा मागितली. पिल्लई खिडकीकडे तोंड करून हसत होता.

“ऐकलं हो साहेब,” रेडिओतून एक जाडाभरडा आवाज आला. “पहिल्या वेळेसच ऐकलं सगळ्यांनी.”

मेहेर जागच्या जागी ताठ झाले. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी ओठ हलवून नुसतं नाव सांगितलं: हिरामण.

 मग तोच आवाज, जरा खालच्या पट्टीत.

“भावोजी, तिथे आहात का?”

मी रेडिओ मेहेरांच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडाशी धरला, पण बटण दाबायचं विसरले. मी दाबून दिलं.

“आहे,” ते म्हणाले.

“जेवलात?”

मेहेरांनी कापडी पिशवी खाली ठेवली. चारची बोट आमच्या जहाजाला येऊन टेकली होती, खालून कुणीतरी वर हाक मारत होतं. पिल्लईनं हातानंच त्यांना जायला सांगितलं.

“नाही रे अजून,” मेहेर म्हणाले.